नखाला फसवणारं मेण

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गिऱ्हाईक टेबलाच्या दोन परीक्षा घेतं. आधी तळहात फिरवून बघतं, मग दुकानदाराची नजर चुकवून नखाने रेघ ओढतं. जरा धीट असेल तर खिशातली किल्ली काढतं. तळहात सुळकन सरकला आणि नखाची खूण उमटली नाही की टेबल पसंत. दुकानदाराला हे ठाऊक आहे, त्याला पॉलिश पुरवणाऱ्याला ठाऊक आहे, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत ते पॉलिश बनवणाऱ्यांना तर पुरतं ठाऊक आहे. या दोन परीक्षांत पास व्हायला फारसं काही लागत नाही. शंभर किलो मालात दोन-तीन किलो मेण पुरतं.

माझी तक्रार त्या मेणाबद्दल नाही, ते निवडण्याच्या पद्धतीबद्दल आहे. पाण्यावरच्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशमध्ये कोणतं मेण घालायचं हे आज दुकानातला तळहात ठरवतो. टेबल मात्र बदलापूरच्या एखाद्या वन बीएचकेत पुढची दहा वर्षं ओल्या फडक्याखाली, गरम पातेल्याखाली आणि हळदीच्या डागांखाली काढणार असतं. त्या दहा वर्षांना निवडीत मत नाही.

मी रंगाच्या प्रयोगशाळेतली बाई. उमेदवारी आणि नोकरी दोन्ही अंबरनाथच्या एमआयडीसीत झाली, राहते बदलापूर पूर्वेला कात्रपला, आणि आता लहान कारखान्यांना त्यांचं पॉलिश बसवून द्यायला मदत करते. त्यामुळे या साखळीची दोन्ही टोकं रोज दिसतात. सकाळी एखाद्या गाळ्यात ड्रमवर वाकून बॅच बघायची आणि संध्याकाळी सोसायटीतल्या कुणीतरी जिन्यात अडवून विचारायचं, "ताई, तुम्ही त्या रंगाच्या लाइनमधल्या ना? आमच्या डायनिंग टेबलावर पांढरं वर्तुळ आलंय, कशानं जाईल?"

ते वर्तुळ का येतं, तिथे पोचायच्या आधी एक गोष्ट स्पष्ट करते. पाण्यावरचं पीयू आपल्या भागात यावं, लवकर यावं आणि टिकावं, या मताची मी आहे. उल्हासनगरच्या कॅम्पांमधल्या गल्ल्यांत पॉलिशचं काम ज्या जागांत चालतं त्या मी पाहिल्या आहेत. वर पत्रा, एक खिडकी, कॉम्प्रेसरचा आवाज, आणि तोंडाला रुमाल बांधून गन चालवणारा विशी-बाविशीचा पोरगा. एनसी (नायट्रोसेल्युलोज) आणि मेलामाइन पॉलिशचा थिनर त्या रुमालातून आरपार जातो. मेलामाइन पॉलिश वाळताना फॉर्माल्डिहाइड सोडतं, डोळे चुरचुरतात ते त्यानेच. शिवाय थिनरचे डबे आणि लाकडाचा भुसा एकाच खोलीत, शेजारी उघडी वायरिंग. पाण्यावरच्या मालात बहुतेक भाग पाणीच असतं, तो पेट घेत नाही. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी त्याची बाजू घेईन. पण मिस्त्री लोकांनी एकदा वापरून "हे पाण्याचं पॉलिश कच्चं असतं" असा शिक्का मारला, की तो डबा त्या गल्लीत परत येत नाही. आणि तो शिक्का बऱ्याचदा चुकीच्या मेणामुळे बसतो. म्हणून या दोन-तीन किलोंवर एवढं लिहिते आहे.

आमच्या आधीच्या पिढीचे मिस्त्री चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने हातावर हात मारायचे आणि सगळ्यात शेवटी मेण चोळायचे. ते मेण वरचं होतं. उडालं की मालकीणबाई किंवा मिस्त्री पुन्हा चोळायचे, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आता मेण डब्यातच मिसळून येतं. कुणी घातलं, किती घातलं, कोणतं घातलं, हे ना मिस्त्रीला कळतं ना गिऱ्हाइकाला.

खरं तर मेणाशी या भागाची ओळख जुनी आहे. अंबरनाथला विम्को नाका म्हणतात तो ज्या कारखान्यावरून, तो स्वीडिश कंपनीचा काडेपेटीचा कारखाना १९२० च्या दशकात इथे आला. काडीचं टोक आधी पॅराफिन मेणात बुडवतात आणि मग त्यावर गुल चढवतात. गुल भडकला की मेण वितळतं, पेटतं आणि ज्योत लाकडापर्यंत नेतं. पॅराफिन पन्नास-साठ अंशांच्या आसपास वितळतं म्हणूनच ते काडीला योग्य. आणि त्याच कारणाने डायनिंग टेबलाला अयोग्य. तरीही पाण्यात तरंगत्या ठेवलेल्या मेणाच्या, म्हणजे इमल्शनच्या, कित्येक स्वस्त कार्बोयमध्ये मुख्य माल पॅराफिनच असतो, कारण ते हाताला फार गुळगुळीत लागतं. मे महिन्यात पत्र्याखालच्या गोडाऊनमध्ये तयार टेबलं एकावर एक ठेवली की तेच मेण मऊ पडतं आणि वरच्या टेबलाच्या पायाचा ठसा खालच्याच्या पाठीवर उमटतो.

मेण पॉलिशमध्ये काम कसं करतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पाण्यावरच्या पीयूत पॉलियुरेथेनचे अतिशय बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो. मेणाचे कण त्या पापुद्र्यात अडकतात. जे हलके आणि मऊ असतात ते वर येऊन पातळ थर धरतात, म्हणून हात घसरतो. जे कडक आणि जरा मोठे असतात ते पृष्ठभागातून किंचित डोकं वर काढतात, आणि वरून घासणारी वस्तू आधी त्यांच्यावर घासते, पापुद्र्यावर नाही. दोन्ही प्रकारांत घासण्याचा जोर कमी होतो. पण दोन्हींत एक गोष्ट घडत नाही. पापुद्रा स्वतः कडक होत नाही. नख घसरतं म्हणून रेघ उमटत नाही, पृष्ठभाग नखापेक्षा मजबूत झाला म्हणून नव्हे.

पृष्ठभाग मजबूत होतो तो हार्डनरने. दोन डब्यांच्या पाण्यावरच्या पीयूत दुसरा लहान डबा असतो, त्यात आयसोसायनेट. तो पॉलियुरेथेनच्या साखळ्यांना आडव्या गाठी मारतो. त्या गाठी बसल्या की चहा, तेल, सॅनिटायझर यांना पापुद्रा दाद देत नाही. पण हार्डनर महाग असतो, मिसळल्यावर काही तासांत संपवावा लागतो, आणि फवारताना रुमाल नाही तर नीट मास्क लागतो. मेण स्वस्त, सोपं आणि मिसळून महिनोन्महिने टिकणारं. मग काय होतं? हार्डनर गाळला जातो आणि त्याच्या जागी मेण वाढवलं जातं.

याचा खेळ मी पुष्कळ जणांना दाखवते. एकाच प्लायच्या दोन फळ्या घ्यायच्या. एकीवर हार्डनर घातलेलं पण बिनमेणाचं पॉलिश, दुसरीवर बिनहार्डनरचं पण मेण ठासून भरलेलं. दोन्ही आठवडाभर वाळू द्यायच्या. नखाच्या परीक्षेत दुसरी फळी जिंकते, हमखास. मग भांड्यांच्या साबणात बुडवलेलं फडकं पिळून दोन्हींवर दोन-तीनशे वेळा पुढेमागे घासायचं. ते झालं की नख पुन्हा मारून बघायचं. दुसऱ्या फळीवर आता पांढऱ्या रेघा उठतात. मेण फडक्यात गेलेलं असतं आणि खालचं कच्चं पॉलिश उघडं पडतं. घरात एवढं घासायला दोन-तीन महिने लागतात. तोवर पावतीवरची शाई उडालेली असते.

एका शेठना हे दाखवलं. ते शांतपणे बघत राहिले, मग म्हणाले, "मॅडम, मला एवढंच पाहिजे, गिऱ्हाइकाने हात फिरवला की हात थांबला नाही पाहिजे."

"आणि घरी गेल्यावर?"

"घरी गेल्यावर त्याच्या बायकोचा हात. माझ्या दुकानात ती कुठे घासते?"

मला राग आला नाही. धंद्याचं गणित त्यांनी माझ्यापेक्षा स्वच्छ मांडलं होतं. पण गणितात एक आकडा राहून जातो, तो म्हणजे तीच बाई पुढच्या वेळी कपाट घ्यायला कुठल्या दुकानात शिरते.

आता ते पांढरं वर्तुळ. मेण पाण्यात मिसळत नाही, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. पाण्यावरच्या पॉलिशमध्ये ते घालायचं तर त्याचे कण अति बारीक करून पाण्यात तरंगते ठेवावे लागतात, आणि त्यासाठी लागतो साबणाच्या जातीचा पदार्थ. म्हणजे मेण पाण्याला दूर ठेवतं म्हणून आपण ते घेतो आणि त्याच्याबरोबर पाणी ओढून घेणारा साबणही विकत घेतो. चांगल्या इमल्शनमध्ये हा साबण कमीत कमी असतो, कारण मेणच थोडं ऑक्सिडाइझ करून पाण्याशी जुळवून घेणारं केलेलं असतं. स्वस्त इमल्शनमध्ये साबणाच्या जोरावरच सगळं उभं असतं. पॉलिश वाळताना हा साबण हळूहळू वर सरकतो. उन्हाळ्यात पापुद्रा पटकन बंद होतो, फारसा सरकायला वेळ मिळत नाही. जुलैत हवाच पाण्याने गच्च भरलेली असते. फळी हाताला कोरडी लागते पण आतलं पाणी बाहेर पडायला जागा शोधत असतं, आणि साबणाला वर यायला भरपूर वेळ मिळतो. मग त्यावर थंड पाण्याचा ग्लास ठेवला की खालचं पाणी त्या साबणाच्या वाटेने आत शिरतं आणि पांढरं वर्तुळ दिसतं. नुसतं पाणीच असेल तर वाळल्यावर ते जातंही. पुन्हा ग्लास ठेवला की पुन्हा येतं.

मेणाच्या माहितीपत्रकावर या सगळ्याचा मागमूस नसतो. तिथले सगळे आकडे तेवीस अंश तापमान आणि पन्नास टक्के दमटपणा या अवस्थेतले. जगभरच्या रंगाच्या प्रयोगशाळांनी मान्य केलेली ती अवस्था आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण अंबरनाथमध्ये पावसाळ्यात असा दिवस एसी लावलेल्या खोलीतच सापडतो, आणि आपलं फर्निचर एसीत रंगवलं जात नाही. म्हणून माझा आग्रह असतो की मेणाचा नमुना आला तर तो जुलैत, गाळ्याच्या दारात, पाऊस पडत असताना फळीवर मारून बघा. जानेवारीत पास झालेलं मेण मी जानेवारीपुरतंच पास समजते.

मेणाच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण पावसाळ्यातच त्याचा एक अस्सल उपयोग आहे. गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी बाजारात घाई असते. आज फवारलेला पलंग उद्या बबल रॅपमध्ये गुंडाळून टेम्पोत चढतो. पॉलिश पुरतं पिकलेलं नसतं, बबल रॅपचे गोल गोल ठसे पृष्ठभागावर कायमचे बसतात. कधी रॅप काढताना पॉलिशच निघून येतं. अशा वेळी हाय-डेन्सिटी पॉलिथिनचं बारीक मेण मोठं काम करतं, दोन पृष्ठभागांना एकमेकांना चिकटू देत नाही. काळ्या किंवा गडद कॉफी रंगाच्या मॅट फर्निचरला तर मेण हवंच. मॅटपणा बहुतेक सिलिकाच्या भुकटीने आणलेला असतो, आणि नुसत्या सिलिकाच्या पृष्ठभागावर हात घासला, बॅग घासली की तिथे चकाकते पट्टे उमटतात. साताठ मायक्रॉनचं कडक मेण त्या सिलिकाच्या जोडीला घातलं की पट्टे कमी होतात.

इथे कणाच्या आकाराचा एक साधा हिशेब येतो. पस्तीस टक्के घन भाग असलेलं पॉलिश शंभर मायक्रॉन ओलं फवारलं की वाळून साधारण पस्तीस मायक्रॉन उरतं. त्यात साताठ मायक्रॉनचा कण व्यवस्थित मावतो. वीस-पंचवीस मायक्रॉनची भुकटी घातली तर पृष्ठभाग खरखरीत आणि धुरकट दिसतो. आणि चकाकतं टेबल हवं असेल तर भुकटीचा विचारच करू नये, एक मायक्रॉनहून कितीतरी लहान कणांचं इमल्शनच घ्यावं, नाहीतर चमक मरते.

वितळण्याचे आकडे प्रत्येक लहान कारखानदाराने भिंतीवर लिहून ठेवावेत असं मला वाटतं. कार्नौबा ब्याऐंशी ते शहाऐंशी अंश. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या प्रदेशातल्या ताडाच्या पानांवर ते येतं, पानं वाळवून झोडपून काढतात, देखणी चमक देतं, पण पॉलिथिनच्या तुलनेत कितीतरी महाग. हाय-डेन्सिटी पॉलिथिनचं मेण एकशे वीस ते एकशे तीस अंशांच्या पट्ट्यात, पॉलिप्रॉपिलीनचं त्याहूनही वर. आता आपल्या घरातला हिशेब करा. स्टीलच्या पेल्यातला ताजा चहा, गॅसवरून उतरवून थेट टेबलावर टेकवलेला कुकर, लाकडी देवघरात समईशेजारची पाठीमागची फळी. मेण वितळून पुन्हा थिजलं की टेबल जळत नाही, पण त्या गोलाकार जागी चमक वेगळी दिसते आणि ती पुसून जात नाही. टेबलाला आणि देवघराला कडक पॉलिथिन, शोपीसच्या कपाटाला हवं तर कार्नौबा, पॅराफिन फर्निचरला कुठेच नाही, इतकं माझं मत पक्कं आहे. पलंगाच्या डोक्याकडच्या फळीला तर मऊ मेण अजिबात नको. खोबरेल लावलेलं डोकं रोज रात्री तिथे टेकतं, तेल मऊ मेणात मुरतं आणि वर्षभरात तिथे धूळ धरणारा चिकट काळा डाग तयार होतो. तो मळ म्हणून घासला जातो, आणि घासताना उरलंसुरलं पॉलिशही जातं.

कारखान्यातली एक अडचण वेगळीच. पाण्यावरच्या पीयूचे कण बहुधा ऋणभारित असतात, त्यामुळेच ते एकमेकांना ढकलत तरंगते राहतात. मेणाच्या इमल्शनमध्येही काही ऋणभारित, काही बिनभाराचे आणि काही धनभारित असतात. धनभारित इमल्शन चुकून ऋणभारित पीयूत पडलं, तर लिंबू पिळलेल्या दुधासारखा माल फाटतो. क्षणात. दोनशे लिटरचा ड्रम डोळ्यांदेखत चोथा आणि पाणी होतो. काही वेळा फाटणं इतकं उघड नसतं. माल गुठळ्या न होता नुसताच थोडा दाट होतो, डब्यात भरला जातो, आणि महिन्याभराने दुकानातल्या डब्याच्या तळाशी रबरासारखा थर सापडतो. म्हणून नवीन मेण आलं की लहान बाटलीत मिसळून पन्नास अंशांच्या ओव्हनमध्ये दोन आठवडे ठेवायचं आणि रोज बघायचं. या परीक्षेला पैसे जवळजवळ लागत नाहीत. धीर लागतो, आणि पुरवठादाराचा माणूस "मॅडम, ऑर्डर कधी?" म्हणून फोन करत असताना नेमका तोच कमी पडतो.

मिस्त्रींसाठी एकच गोष्ट, पण अगदी महत्त्वाची. मेण असलेलं पॉलिश सीलर म्हणून, म्हणजे खालच्या हातात, कधी मारू नका. वरचा हात त्यावर धरत नाही, काही महिन्यांनी पापुद्रे सुटतात. मेण फक्त शेवटच्या हातात. उल्हासनगरहून बदलापूरला जाताना टेम्पोत टेबलाला ओरखडा पडलाच आणि वरून दुरुस्तीचा हात मारायचा असेल, तर तेवढाच भाग नाही, पूर्ण फळी चारशे नंबरच्या पेपरने घासून घ्या, मगच मारा. शाळेच्या जिन्यांना आणि लाकडी जमिनींना हाताला सुळसुळीत लागणारं पॉलिश तर नकोच, तिथे पाय घसरतो. हाताला छान लागतं ते सगळं पायाला छान नसतं.

पीटीएफई घातलेल्या मेणाबद्दल मला हल्ली वारंवार विचारतात. नॉन-स्टिक तव्याचं तेच द्रव्य, मेणाला जोडून भुकटी केलेलं. ओरखड्याविरुद्ध ते उत्तम काम करतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण ते फ्लोरिनच्या त्या घराण्यातलं आहे जे मातीत आणि पाण्यात मोडतच नाही. २०२३ मध्ये जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या पाच देशांनी मिळून या संपूर्ण घराण्यावर युरोपात निर्बंध आणण्याचा प्रस्ताव मांडला. तिथे काय ठरायचं ते ठरेल. आपल्याकडे फर्निचरचं पॉलिश घासून काढणारा कारागीर ती धूळ मास्कशिवाय श्वासात घेतो आणि उरलेली झाडून गटारात लोटतो. वॉर्डरोबच्या दाराला तेवढ्या ओरखडारोधाची गरज नाही. मी सुचवत नाही.

कायद्याने यात काही करता येईल का? येईल. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर नसावं असा नियम केंद्राने २०१६ मध्ये केला आणि नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. रंगाच्या डब्यावर शिशाबद्दलची ओळ छापली जाऊ लागली ती त्यामुळे. म्हणजे एका आकड्याने डब्याची भाषा बदलू शकते. पाण्यावरच्या लाकडाच्या पॉलिशच्या डब्यावर मला तीन गोष्टी मराठीत आणि हिंदीत छापलेल्या हव्या आहेत: हार्डनर लागतो की नाही, किती अंशांपर्यंतचं भांडं चालेल, आणि वरून दुसरा हात मारायचा तर आधी घासावं लागेल की नाही. मेणाचं नाव गुपित ठेवायचं तर ठेवा. त्याचे परिणाम गुपित ठेवू नका. आणि सरकारची वाट बघायची गरज नाही. अंबरनाथ-बदलापूरचे पॉलिश बनवणारे आणि उल्हासनगरचे फर्निचरवाले अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत. त्यांनी मिळून एक साधी परीक्षा ठरवावी: गरम पेला, हळद, चिंचेचं पाणी, खोबरेल, साबणाचं ओलं फडकं. पास झालेल्या मालाची फळी दुकानात टांगावी, नखाच्या ओरखड्यांसकट.

राहिला शेवटचा भाग, ज्यावर मी सगळ्यात जास्त वाद घालते. पाण्यावरचं पॉलिश म्हणजे गन पाण्याने धुता येते, आणि ते धुणाचं पाणी नाल्यात सोडता येतं, अशी समजूत पसरते आहे. थिनर होता तेव्हा लोक तो बाटलीत धरून पुन्हा वापरायचे, कारण त्याला पैसे पडायचे. पाणी फुकट. त्या धुणाच्या पाण्यात पॉलियुरेथेनचे आणि मेणाचे कण असतात, साबण असतो, आणि तो साबण नेमका कण पाण्यात तरंगते राहावेत म्हणूनच घातलेला असल्यामुळे ते आपोआप तळाला बसत नाहीत. नाला म्हणजे इथे वालधुनी. काकोळ्याच्या डोंगरात निघून अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहणारी आणि उल्हासनगरातून कल्याणकडे जाणारी ही नदी. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस एका पहाटे टँकरमधून तिच्यात रसायन सोडलं गेलं आणि उल्हासनगरातल्या शेकडो माणसांना श्वास कोंडल्यामुळे रुग्णालयात जावं लागलं. त्यानंतरच्या वर्षांत जीन्स धुण्याचे कारखाने न्यायालयाच्या आदेशांमुळे बंद पडले आणि हजारो हातांचं काम गेलं. पॉलिशवाल्यांचं पाणी त्यामानाने थेंबभर आहे. जीन्सवालेही आधी असंच म्हणत होते.

उपाय अवघड नाहीत. गन थेट नळाखाली धरायची नाही. आधी उरलेला बिनहार्डनरचा माल गाळून डब्यात परत. मग पहिल्या बादलीत थोड्या पाण्यात गन धुवायची. काम बिनहार्डनरच्या सीलरचं असेल तर तेच पाणी दुसऱ्या दिवशी त्याच सीलरला पातळ करायला वापरता येतं. फक्त दुसऱ्या दिवशीच, चार दिवस ठेवलं तर त्याला वास सुटतो. हार्डनर मिसळलेला असेल तर हे करायचं नाही. टॉपकोटचं, म्हणजे शेवटच्या हाताचं, धुणंही त्यात येऊ द्यायचं नाही, कारण त्यात मेण असतं. दुसऱ्या बादलीचं पाणी मोठ्या पिंपात साठवायचं आणि पिंप भरलं की तुरटी टाकून ढवळायचं. कण गोळा होऊन खाली बसतात. वरचं पाणी पुन्हा दुसऱ्या बादलीला येतं, गाळ वाळवून वेगळ्या गोणीत. एकट्या गाळेवाल्याची वर्षाची गोणी एवढीशी होते की घातक कचरा नेणारी गाडी तिच्यासाठी थांबणार नाही. एका गल्लीतल्या दहा-बारा जणांनी गोण्या एकत्र केल्या तर तळोज्याच्या केंद्रात पाठवण्याएवढा माल होतो. खर्च वाटून घेतला तर प्रत्येकी फार येत नाही. गोण्या ठेवायला कोरडी जागा लागते, आणि ती कुणाच्या गाळ्यात, यावर त्या गल्लीत अजून एकमत झालेलं नाही.